रंगवलेल्या दारामागे

काम तसं साधंच होतं. एका खेळाडूची तक्रार आली होती, की खेळातल्या दीपगृहात जिन्याखाली जे दार आहे, त्याच्यामागून कसलेतरी आवाज येतात, जरा बघा. आवाजांचं खातं माझ्याकडे, म्हणून तक्रारही माझ्याकडे.

आधी खेळाबद्दल सांगते. छोट्याशा बंदराचा ऑनलाइन खेळ आहे. बोट काढायची, जाळं टाकायचं, नाहीतर धक्क्यावर बसून गप्पा हाणायच्या. ज्या कंपनीचा होता तिने तो कधीच बंद केला. मग आम्ही काही वेड्यांनी त्याचा सर्व्हर चालवणारा प्रोग्रॅम नव्याने लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. कुणीही घ्यावा, चालवावा, काही बिघडलेलं दिसलं तर दुरुस्त करून परत द्यावं. पगार नाही, साहेब नाही. प्रत्येक बदलावर शेवटची नजर मास्तरांची. मास्तर म्हणजे पेशाने शिंपी. आमची सगळी ओळख फोनवरची.

त्या दुपारी मी हॉस्पिटलमधून घरी आले होते. सासूबाईंना झटका येऊन त्या बेशुद्ध होत्या. डॉक्टर ‘बघू या’ यापलीकडे काही बोलत नव्हते. नवरा त्यांच्यापाशी होता, मला त्याचे कपडे घेऊन परत जायचं होतं. माझ्या केसांना वॉर्डातला औषधांचा वास चिकटला होता. पडदे ओढलेले, घर चिडीचूप. घरी कुणी नसतं म्हणून फ्रिजसुद्धा बंद केलेला. आंघोळीचं पाणी तापेपर्यंत ते दार बघून टाकू म्हटलं, आणि हेडफोन लावले.

ते दार नुसतं रंगवलेलं आहे. भिंतीवरचं चित्र. मागे खोलीच नाही. मी खेळातल्या माझ्या बाहुलीला जिन्याखाली नेलं, तसा समुद्राचा आवाज विरत गेला. विरायला नको होता. तिथे तो सगळ्यात मोठा असतो, मीच तसा ठेवलाय.

मग दारामागे फ्रिजची घरघर ऐकू आली. थांबताना तो उचकी लागल्यासारखा हिसका देतो... तो आमचाच फ्रिज होता. मी हेडफोन काढले. घरात शांतता. परत लावले.

फरशीवर काठी टेकत कुणीतरी येत होतं. टक... मग पाय ओढल्याचा आवाज... टक. आमच्याकडे काठी कुणीच वापरत नव्हतं. काठी थांबली, आणि अगदी कानाशी सासूबाई बोलल्या.

“एवढं झाकण उघडून दे गं. उजव्या हातात जोरच नाही राहिला.”

मी दचकून मागे पाहिलं. पण खरं सांगते, त्या भीतीच्या तळाशी एक गारवा होता. बाई घरात चालत होत्या. झाकणावरून कुरकुरत होत्या.

पुढचे सगळे दिवस मी वॉर्डाबाहेर शांत बसून राहिले. “तुला काळजी कशी वाटत नाही?” नवऱ्याने चिडून विचारलं. मी त्याला चहा आणून दिला.

सासूबाई शुद्धीवर आल्या. काठी घेऊन घरी आल्या. आणि एका सकाळी स्वयंपाकघरात माझ्यापुढे बरणी धरून, त्याच आवाजात तेच वाक्य बोलल्या. मी झाकण उघडून दिलं.

दाराची तक्रार मी मास्तरांनाही कळवली होती. आता त्यांना फोन केला.

“मी सगळं उसवून पाहिलं,” ते हळूच म्हणाले. “तिथे आवाजाची फाइलच नाही.”

“मग दार काढून टाकायचं?”

“राहू दे ना... मला तिथे माझं शिलाई मशीन ऐकू येतं. शेजारी दुसरं. लेक परत येतेय वाटतं. मी तिच्यासाठी मशीन बघून ठेवलंय.”

दार राहिलं. मास्तरांची लेक आली, धंद्यात हातभार लावू लागली. आमच्याही घरात आता आनंद आहे. सासूबाई डाव्या हाताने सगळं शिकल्या, नवऱ्याशी भांडतात, हसतात. मी अधूनमधून त्या दारापाशी जाऊन बसते. मागून बहुतेक जेवणाचे आवाज येतात. भांडी, सासूबाईंचा शेरा, नवऱ्याचं हसणं, माझं हसणं.

परवा त्यात आणखी एक आवाज होता. पुरुषाचा, मऊ, खूप जवळचा. “वहिनी, वाढा ना,” तो म्हणाला. आणि मी, दारामागची मी, “वाढते हो” म्हणाले.

माझा नवरा एकुलता एक आहे. वहिनी म्हणणारं मला कुणी नाही.

काल सासूबाईंनी आम्हा तिघांसाठी ताटं मांडली. चार.

“आई, चौथं कुणाचं?”

त्यांनी डाव्या हाताने ते ताट नीट सरकवलं, वाटी जागेवर ठेवली. चेहरा अगदी समाधानी.

“येईल तो,” त्या म्हणाल्या. “वाट कळलीय आता त्याला...”