कोऱ्या मातीशेजारची सूर्यफुलं

आमची पहिली भेट झाली तेव्हा एक गाय माझा फॉर्म चघळत होती.

मी शेताच्या मधोमध गुडघ्यांवर बसलेली, हातात रबरी मोजे, शेजारी बादली. आणि ही तपकिरी बाई मागून येऊन माझ्या फायलीतला कागद शांतपणे पोटात ढकलतेय!

“अगं महाराणी, सोड! सोड म्हणतो ना!” गोठ्याकडून एक जण धावत आला. कागदाचा एक कोपरा तेवढा त्याच्या हाती लागला. तो त्यानं मला अदबीनं दिला. “बाकीचा… उद्या सकाळपर्यंत मिळेल.”

प्रयोगशाळेच्या माणसानं पहिल्याच दिवशी खिदळू नये असं माझं ठाम मत होतं. तरी हसले.

तो त्या गोठ्याचा आणि शेताचा मालक. मी माती तपासणारी. आजारी जनावरांना दिलेलं अँटिबायोटिक शेणखतातून मातीत किती उतरतं, हे शोधायला मी दर महिन्याला सहा शेतांवर फिरणार होते.

“म्हणजे महाराणीचं औषध आम्ही जमिनीलाही पाजतो?”

“किती पाजता, तेच बघायचंय.”

त्यानं नवा फॉर्म भरून दिला. अक्षर मोत्यासारखं. मग मी शेतभर नागमोडी चालत पंधरा ठिकाणची माती बादलीत घेतली, कालवली, कागदावर पसरून तिचे चार भाग केले. समोरासमोरचे दोन ठेवले, दोन टाकून दिले.

“त्या दोघांनी काय घोडं मारलं?”

“काही नाही. नियम आहे.”

“तुमच्याकडे फार नियम दिसतात…”

“एक तुम्हालाही लावणार आहे.”

तो म्हणजे कोऱ्या मातीचा. सहाही शेतांचे आकडे ताडून बघायला मला एक अशी जागा हवी होती, जिथे कित्येक वर्षांत खत पडलेलं नाही. त्याच्या पंपाच्या खोलीमागे तशी ओसाड पट्टी होती. मी तिथे चार खुंट्या ठोकल्या आणि बजावलं, “यांच्या आत काहीही टाकायचं नाही. उरलेला चहासुद्धा नाही.”

“नाही टाकणार. तुम्ही सांगितलंत ना… मग झालं.”

नंतर मोजे काढून पंपाखाली हात धुताना मी सहज म्हणाले, “रुक्षच आहे हो जागा. बाजूला सूर्यफुलं असती तर…”

मी बोलले आणि विसरले. तो विसरला नाही. दुसऱ्या खेपेला खुंट्यांच्या बाहेर, हातभर अंतरावर, रोपांची रांग होती. तिसऱ्या खेपेला – काय सांगू! – माझ्या डोक्याइतकी उंच सूर्यफुलं, आणि त्यांच्याशेजारी तो, नवा शर्ट घालून.

“आत काही टाकलं नाही ना?”

“आत? शपथ!”

तो हसला, आणि मी ‘आजूबाजूला खत टाकले का’ हा रकाना त्याला न विचारताच ‘नाही’ लिहून भरून टाकला. इतरांच्या शेतावर असं केलं असतं का मी? छे.

पंधरा दिवसांनी मोठ्या बाईंनी मला बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांना हसताना पाहिलेलं कुणी अजून भेटलेलं नाही.

“तुझ्या कोऱ्या मातीत औषध निघालंय,” त्या म्हणाल्या. “सहाही शेतांचे आकडे लटकले. एकतर मातीत काहीतरी पडलंय, नाहीतर तुझे हात स्वच्छ नव्हते. आठवड्यात कारण आण. नाही आणलंस तर तुझे हात असं लिहीन, आणि मग तू इथे बाटल्या धुवायच्या. शेतं बंद.”

मला हे काम मनापासून आवडतं. आणि शेतं बंद म्हणजे… तो बंद. खरं सांगते, आधी तोच आठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तणतणत शेतावर पोचले.

“खरं सांगा. काय टाकलंत? कोऱ्या मातीत औषध निघालंय. कारण मिळालं नाही तर माझेच हात स्वच्छ नव्हते असं लिहितील, आणि माझं हे काम जाईल.”

त्याचा चेहरा उतरला. “आत काहीच नाही. बाहेर… चार पाट्या शेण. फुलांच्या मुळाशी.”

“कुणाचं?”

“महाराणीचं.”

“तिला तेव्हा औषध चालू होतं?”

“कास सुजली होती तिची. हो.”

मी जमिनीकडे बघितलं. फुलांची रांग चढावर, माझ्या खुंट्या उतारावर. रोज पाणी घातलं की सगळं सरळ आत! हे मला आधी दिसायला नको होतं? दिसलं असतं, फुलांवरून नजर काढली असती तर.

“पण का टाकलंत?”

“रोपं माना टाकत होती. आणि तू – तुम्ही गुरुवारी येणार होतात.”

“मी वाफ्याला पाटीभर शेण मागितलं तर नाही म्हणाला हा!” त्याची आई दारातून ओरडली.

त्याचे कान लाल झाले. माझेही झाले असावेत. मी फॉर्म पुढे केला. “लिहून द्या. कारणासकट.”

त्यानं बराच वेळ लावून लिहिलं, पाकिटात घालून चिकटवलं. “तुम्ही वाचायचं नाही. तुमच्या बाईंना द्या.”

मोठ्या बाईंनी ते सगळ्यांसमोर, बातम्या वाचाव्यात तसं वाचलं.

“‘खत: शेण, चार पाट्या. जनावर: महाराणी, औषध चालू असताना. जागा: खुंट्यांपासून एक हात, चढाच्या बाजूला. कारण: नमुना घेणाऱ्या बाईंना सूर्यफुलं आवडतात, आणि मला त्या आवडतात. चूक माझी आहे. त्यांचे हात स्वच्छ होते. हे मी खात्रीनं सांगतो, कारण दर वेळी मी त्यांचे हातच बघत असतो.’”

कुणीतरी हातातली बाटली टेबलावर ठेवली. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. आणि त्याच वेळी नाचावंसंही वाटत होतं.

मोठ्या बाईंनी शिक्का मारला. “कारण पटलं. दुसरी कोरी जागा शोध, आणि यापुढे रकाने विचारून भर. पण हे शेत तुझ्या यादीतून काढतेय. तिथले नमुने दुसरं कुणी घेईल.”

“बाई, पण –”

“तिथली माती तू आता निःपक्षपातीपणे कशी मोजणार? तिथे जायचं तर रविवारी जा. आमची बादली न घेता.” आणि त्या हसल्या. शप्पथ, हसल्या!

रविवारी मी गेले. बादली नाही, फाईल नाही, मोजे नाहीत. तो सूर्यफुलांपाशी उभा होता, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा.

“नोकरी…?”

“आहे. फक्त तुमचं शेत गेलं.”

“म्हणजे तुम्ही आता येणार नाही?”

“कामाला नाही येणार.” मी दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. “घ्या, बघा. नीट बघा. लांबून बघून खात्री देऊ नये माणसानं.”

त्यानं ते हातात घेतले. किती वेळ गेला कोण जाणे…

“फॉर्मचं उत्तर लेखी द्यायचं की तोंडी?” मी विचारलं.

“तोंडी चालेल.”

“मलाही तू आवडतोस. पहिल्या दिवसापासून.”

मागे काहीतरी कुरकुरलं. महाराणी माझ्या पिशवीतून परतीचं तिकीट काढून चघळत होती. या वेळी तिला कुणीच अडवलं नाही.