दाऊद जर्राहाची पारख

पूर्वेच्या डोंगररांगांवर तांबडं फुटलं, तेव्हा कावळागडाखालच्या गनिमाच्या राहुट्यांतून धूर निघू लागला होता. आणि वर सदरेवर, तोफेच्या गोळ्याने चिरडलेला उजवा पाय आदल्याच दिवशी मांडीखाली कापून घेतलेले किल्लेदार मानाजी ढमाले, तापाने फणफणलेल्या अंगाने, तो पाय कापणाऱ्या शस्त्रवैद्याची, दाऊद जर्राहाची, वाट पाहत पडले होते.

गनिमाचा निरोप आला होता: आज गड खाली करा, शिबंदी बायकामुलांसह सुखरूप जाईल. कुमक अजून दोन-तीन दिवसांच्या वाटेवर होती, पण ती येईतो शिबंदी झुंजणार ती एकट्या मानाजींच्या शब्दावर. तेच गेले तर गड पडणार आणि सरसकट कत्तल होणार, हे सगळे जाणून होते.

दाराशीच सबनिसांनी दाऊदला गाठलं. "मियाँ, वाचतील म्हणून सांगा. खोटं का असेना!"

"आणि उद्या सगळे कापले गेले तर? माझ्याच्यानं नाही व्हायचं, सबनीस."

दाऊदने पट्टी सोडली. कापल्या जागेच्या वर मांडी काळीठिक्कर पडून फोडांनी भरली होती. मांस सडत वर चढत होतं, दुसरं काय!

"बोला मियाँ. वाचतो का मी?"

"नाही, सरकार." दाऊदला हुंदका आवरेना. "एखादा दिवस, फार तर."

मानाजींनी डोळे मिटले. जिवात जीव असेतो गड राखीन, अशी धन्याच्या पायाशी त्यांची आण होती. "दरवाजे उघडा," ते म्हणाले. "माझी आण माझ्याबरोबर जाऊ दे. ही माणसं जगू देत."

शिबंदी उतरली. पायथ्यापलीकडच्या गावात मानाजींचा ताप उतरला. कुमक आली, गडावर परका झेंडा पाहून माघारी वळली. आठवड्याने दाऊदने पट्टी सोडली, तर काळी साल निघून आत कोवळी गुलाबी कातडी.

"इथं काय लावलं होतं?"

"बिब्बा!" मानाजींच्या आई हरखून म्हणाल्या. "पाय कापून तुमची पाठ वळताच, त्याच रात्री मीच तापवून लावला. वाचला ना माझा लेक!"

बिब्बा कातडी जाळून काळी करतो, फोड आणतो; मांस सडलंच नव्हतं. दाऊद बोलणार, तोच मानाजींनी त्याचं मनगट दाबलं.

"होय, आईसाहेब. तुमच्यामुळेच वाचलो."

माउली देवीची ओटी भरायला लगबगीने गेली. हाड कापतानाही न ओरडलेला तो पुरुष शेल्यात तोंड खुपसून लहान लेकरासारखा रडला.

पुढे दरबारात जाब विचारला गेला, गड कोणाच्या बोलण्यावरून दिला? दाऊदने मान खाली घातली.

"माझी पारख चुकली, महाराज. दुसऱ्या कुणाचा दोष नाही."