फाट्यावरची तिसरी जागा

रस्त्यावर चार्जिंगची सोय झाली नसती तर आईला आणायला मी स्वतःची गाडी काढलीच नसती. दोन वर्षांपूर्वी संभाजीनगरहून राणीसावरगावला इलेक्ट्रिक गाडी नेणं म्हणजे परभणीत ओळखीच्या कुणाच्या घरी खिडकीतून वायर ओढून रात्र काढणं होतं. आता जागोजागी सोय झाली आहे. पोखर्णी फाट्याच्या अलीकडे, शेताच्या कडेलाही दिवाळीपासून एक चार्जिंग स्टेशन सुरू झालंय.

अण्णा, माझे वडील, पौषात गेले. तेरावं झालं आणि आई न्हाणीत पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, नेताना आडवं झोपवून न्या, धक्के बसू देऊ नका. गावात तिला बघणारं कुणी उरलं नव्हतं, आणि मला तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. माझ्या गाडीला इंजिनाची थरथर नाही, म्हणून ठरवलं.

शेजारच्या दत्ताने, त्याच्या बायकोने आणि मी मिळून तिला मागच्या सीटवर झोपवलं. डोकं डाव्या दाराकडे, पाय माझ्या सीटच्या मागे. कुशीवर वळायचं म्हटलं तरी तिला दोन माणसं लागत. कंबरेवरून माझी ओढणी घेतली आणि सीटच्या पट्ट्याला बांधली. औषधाने तिला झोप लागली. गंगाखेडच्या पुढे रस्त्याचं काम होतं, एसी सतत चालू होता, आणि फाट्यापर्यंत बॅटरी फारच खाली आली.

टिनाचं छत, तीन यंत्रं, मागे काढणी झालेलं हरभऱ्याचं रान. फेब्रुवारी सरत आला होता, तरी दुपारचं ऊन चांगलंच लागत होतं. पहिल्या जागेवर मालाचा टेम्पो होता, त्याचा ड्रायव्हर आत झोपलेला. दुसऱ्या यंत्राचा पडदा काळा होता. तिसरी जागा मोकळी. मी गाडी तिथे घातली.

निळ्या शर्टातला चाळिशीचा माणूस खुर्चीवरून उठून आला. खिशावर नाव होतं, महारुद्र.

"तिसऱ्यावर नगा लावू ताई. टेम्पोचं होऊ द्या."

"किती वेळ लागेल?"

"तासभर तरी."

"हे बंद आहे का?"

"बंद न्हाई. चालू हाय."

"मग?"

त्याने मागच्या काचेतून आत पाहिलं. "आजी झोपून हायती का?"

"ऑपरेशन झालंय. उन्हात तासभर थांबवता येणार नाही."

मी चार्जिंगची गन उचलून गाडीला लावली. पडद्यावर आकडा हळूहळू चढू लागला. एसी चालू ठेवून मी दारं बंद केली.

"डोकं कुण्या अंगाला हाय त्यांचं?" त्याने विचारलं.

"डाव्या."

त्याने डावीकडे पाहिलं, तिकडे गावाची घरं होती. मग उजवीकडे, ओढ्याच्या बाजूला. "बरं हाय मग," म्हणाला आणि खुर्चीवर जाऊन बसला, पण टेकला नाही.

लिंबाखाली चहाची टपरी होती. टपरीवालीने स्टोव्हला पंप मारता मारता त्याला हाक दिली. "म्हारुद्रा, उगं भेव दाखवायलास का रे ताईला? पगार गाड्या बघायचा मिळतोय तुला."

"मी काई बोललो का, सविताकाकू?"

"तोंड बघ की तुजं. बोलायला कशाला पायजे?"

मी चहा घेतला. गाडी समोरच होती, काचेवर उन्हाची पट्टी. तिसऱ्या जागेचं काय आहे, असं मी सरळ विचारलं. सविताकाकूंनी पदराने कपाळ पुसलं.

"काई न्हाई हो. आमच्या गावचा विसाव्याचा ओटा होता तिथं, वढ्याकडच्या मसणवाटंवर. रस्ता रुंद झाला तवा गेला. पलीकडं नवा बांधून दिलाय, सिमेंटचा. लोक आता तिथंच जातेत."

"मग झालं की."

"जित्ते जातेत," महारुद्र म्हणाला.

सविताकाकू यावर हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

विसावा मला नवा नव्हता. तिरडी अर्ध्या वाटेत खाली ठेवतात, फिरवतात, आणि खांदेकरी बदलतात. आमच्याकडे बायकांनी तिथूनच माघारी यायचं असतं. अशा चालीरीतींवर मी पुष्कळ वाचलं आहे. थकलेल्या खांद्यांना विश्रांती आणि घरच्यांना थांबायला एक ठिकाण, याहून जास्त अर्थ मी त्याला कधी दिला नव्हता. राणीसावरगावला अण्णांची तिरडी फिरवली तेव्हाही मी हेच स्वतःला सांगत होते. तोवर त्यांचं डोकं गावाकडे होतं. मग ते पुढे झालं, आणि माणसं लगबगीने निघून गेली. त्यांच्या पाठी दिसेनाशा होईपर्यंत मी उभी राहिले.

मी पेला खाली ठेवला, तेव्हा गाडी दबली.

चारही चाकांवर एकदम, जराशी. मग तेवढीच वर आली. एसीचा कॉम्प्रेसर चालू झाला असेल, असं मनात आलं. पण कॉम्प्रेसरने गाडी अशी दबत नाही, हे मला माहीत होतं.

मुरमावर पावलं घासल्याचा आवाज आला. पुष्कळ पावलं, अनवाणी. गाडीभोवती कुणी नव्हतं.

महारुद्र उभा राहिला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली. सविताकाकूंनी स्टोव्ह बारीक केला, पदर डोक्यावर घेतला आणि खाली पाहिलं. रस्त्याने प्रेत जाताना माणसं जशी थांबतात, तशी ती दोघं थांबली होती.

मी धावले. किल्ली माझ्या मुठीत होती, गाडी कुलूपबंद होती. मी मागचं डावं दार उघडलं.

आईच्या डोक्याच्या जागी तिची पावलं होती. मी सकाळी घातलेले करडे मोजे.

डोकं पलीकडे, ओढ्याच्या बाजूला. उशी नीट मानेखाली. ओढणीची गाठ माझीच, जशी मारली होती तशी. ती शांत झोपली होती. खुब्याला नुसता हात लागला तरी ओरडणारी माझी आई.

"दार कुणी उघडलं?"

"कुणीच न्हाई," महारुद्र म्हणाला.

"मला हात द्या. तिला परत फिरवायचंय."

तो जागचा हलला नाही. सविताकाकू जवळ आल्या, पण दारापासून हातभर अंतरावर थांबल्या. "फिरवलेलं माघारी फिरवत न्हाईत, ताई," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

मी वळसा घालून उजवं दार उघडलं, ओढणी सोडली आणि आईच्या पाठीखाली दोन्ही हात घातले. एकटीला ती उचलवणार नाही हे ठाऊक असूनही घातले.

ती सहज उचलली गेली. खांदे माझ्या हातांवर होते. कंबर आणि पायही त्याच वेळी, त्याच उंचीवर वर आले होते.

मी माझ्याकडे ओढलं.

पलीकडून कुणी ओढलं नाही. फक्त सोडलं नाही.

मी तिला खाली ठेवलं. तेही एकदमच, सगळीकडून सारखं झालं.

मग मी दोन्ही दारं लावली, गन उपसली, ती जागेवर लावायचंही सुचलं नाही, आणि गाडी रस्त्याला घातली. परभणीपर्यंत पुरेल एवढं चार्जिंग झालं होतं. दवाखाना गाठायचा, एवढंच डोक्यात होतं. आरशात आई दिसत नव्हती, आता तिचं डोकं माझ्याच पाठीमागे होतं. तिचा श्वास ऐकू येत होता. तो मी ऐकत राहिले.

रस्ता नवा, गुळगुळीत होता. तरी गाडी डावी-उजवी झुलत होती.

"सावकास चला रे बाबांनो," आई म्हणाली. घरी कामाला आलेल्या माणसांशी ती बोलायची, त्याच आवाजात. "राजेश्री मागं राहिली."

"आई, मी इथंच आहे. मी गाडी चालवतेय."

तिने ऐकलं नाही.

"ऱ्हाऊ द्या," ती कुणाला तरी म्हणाली. "बायका तिथूनच माघारी जातेत."

मी ब्रेक दाबला. गाडी कडेला थांबली. वेगाचा आकडा शून्य झाला. मी मागे वळून पाहिलं.

आईचं डोकं उशीसकट हलत होतं, जरा डावीकडे, जरा उजवीकडे, चालणाऱ्या माणसांच्या पावलांच्या तालावर.