अकराव्या टेकडीवरची धडधड

कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून निघायचे आणि डोंगरधारेने टेकड्यांमागून टेकड्या ओलांडत सिंहगड गाठायचा. वाटेत छाती कितीही धडधडली तरी घाबरून मागे फिरायचे नाही! उल्काची मोहीम एवढीच होती.

दोन वर्षांपूर्वी धायरीत तिच्या इमारतीमागची भिंत कोसळली आणि ती चार तास मातीखाली अडकली. त्या काळोखात तिला फक्त स्वतःचे हृदय ऐकू येत होते. सुटका झाली, पण तो आवाज सुटेना. जिना चढून छाती धडधडली की तोंडात पुन्हा माती यायची. शेवटी उल्काबाईंनी जिनेच सोडले! समुपदेशक तनयाताईंनी तिला बोलते केले आणि जोडीला औषध दिले ते भलतेच: पर्वतीच्या पायऱ्या, रोज, धाप लागेपर्यंत.

"धडधड म्हणजे धोका नव्हे, हे अंगाला शिकवायचंय," त्या म्हणाल्या होत्या. "भीती वाटली की समोर दिसेल त्याचं नाव मोठ्यानं घ्या."

सात महिने ती चढत राहिली. पण पर्वतीच्या पायऱ्या पायाखालून सरकत नाहीत. डोंगर सरकला तर काय, हे तिला आज पाहायचे होते.

सोबतीला पर्वतीवर रोज भेटणारेच दोघे होते. एक केदार, पेठेतला गणिताचा शिक्षक, आणि दुसरे धायरीचे चौसष्ट वर्षांचे बापूराव. त्या दिवशी संकष्टी होती आणि बापूरावांचा उपास कडक, चंद्रोदयापर्यंत फक्त पाणी. म्हणून केदारने खाण्याची पिशवी त्यांच्याच खांद्याला अडकवली. "उपासाच्या माणसाकडे डबा सुरक्षित असतो," तो म्हणाला.

जानेवारीचे कोवळे ऊन, कमरेएवढे वाळके गवत, उजवीकडे दूरवर चकाकणारे खडकवासल्याचे पाणी. दहा टेकड्या कशा सरल्या ते कळलेसुद्धा नाही. अकरावीच्या धारेवर मात्र बापूरावांची पावले वेडीवाकडी पडू लागली. अंगाला दरदरून घाम फुटला होता. "बैल सोडा रे!" असे काहीतरी बरळत ते मटकन खाली बसले. खांद्यावरची पिशवी सुटली आणि मुरमावरून घरंगळत खाली एका करवंदीच्या जाळीत अडकली.

केदारने त्यांना धरले. "बापूराव! अहो, तुम्हाला साखर आहे का?"

"हाय की. सकाळीच गोळी घेतली. गोळीनं उपास मोडत न्हाई!"

केदारचा चेहरा उतरला. पोटात अन्नाचा कण नाही आणि वर मधुमेहाची गोळी! फोनला रेंज नव्हती. बापूरावांना सोडावे तर बाजूलाच कडा. "उल्काताई, त्यांच्या रक्तातली साखर उतरलीय. पिशवीत गूळ आहे. लवकर!"

उल्काने खाली पाय टाकला. मुरूम सरकला. खर्रर्र! भिंत कोसळतानाचा तोच आवाज! ती घसरली, गुडघ्यावर आपटली. छाती धाडधाड वाजू लागली. तोंडात माती आली. या वेळी खरीच! डोळ्यांपुढे अंधारून आले. वर केदार हाका मारत होता, पण तिला ऐकू येत होते फक्त हृदय.

"गवत!" ती ओरडली. "दगड! निळी पिशवी! माझा बूट!"

अंधार विरला. धडधड थांबली नाही. नसेना का थांबली! ती बसल्या बसल्या घसरत जाळीशी पोहोचली. काटे बोचले. पिशवी हाती आली. आता वर! दोन पावले चढावीत, एक घसरावे. छाती फुटेल असे वाटले. पर्वतीवरही रोज असेच वाटायचे, हे तिला आठवले आणि ती हातपाय रोवत वर आली.

तिने गुळाचा खडा पुढे करताच बापूरावांनी मान फिरवली. "चंद्र न्हाई उगवला."

"उघडा तोंड!" उल्का कडाडली. त्यांनी मुकाट्याने गूळ चघळला. पंधरा मिनिटांत घाम ओसरला, नजर ताळ्यावर आली.

"संकष्टीला चंद्र बघायचा असतो, बापूराव," केदार म्हणाला, "चंद्रावर जायचं नसतं."

सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा आता अगदी जवळ दिसत होता. "तुम्ही पुढे व्हा, मी यांना उतरवतो," केदार म्हणाला. उल्काचा जीव क्षणभर तिकडे ओढला. मग तिने बापूरावांचा एक हात आपल्या खांद्यावर घेतला आणि तिघे गावाच्या वाटेने उतरू लागले.

गावातल्या एका ओसरीवर, दवाखान्यात नेणाऱ्या जीपची वाट पाहत बापूराव साखरेचा चहा पीत होते. "ताई, माझ्यापायी गड ऱ्हायला तुमचा."

"राहू द्या," उल्का म्हणाली. तिची छाती अजून धडधडत होती आणि ती हसत होती. "गड कुठं पळून जातोय? आणि आज मीही पळाले नाही."