आंबट अर्क आणि तळ्याचा वळसा

दातांच्या डॉक्टरकडे निघालेली ती चुकून एक मजला आधीच लिफ्टमधून उतरली, दार ढकललं, आणि आंबट भपकारा नाकात शिरला. काचेच्या बरण्यांत हिरवी पानं आंबत पडलेली, आणि त्यांच्यामध्ये पांढऱ्या कोटातला एक काडीपहिलवान.

"लठ्ठपणावरच्या अर्काच्या चाचणीसाठी आलात?"

"इतकी जाडी दिसते मी?"

बिचारा कानापर्यंत लाल झाला. "नाही हो... म्हणजे... अर्काचा उपयोग होतो की नाही, तेच अजून ठाऊक नाही."

ती हसली आणि नाव देऊनच बाहेर पडली. वजनाचं आपलं निमित्त! दिवसभर विमा कंपनीत फोनवर परक्यांच्या तक्रारी ऐकायच्या आणि घरी जाऊन कुलूप उघडायचं. आई दादा-वहिनीकडे. 'आलीस का गं?' म्हणणारं कुणी नव्हतं. इथं निदान दर गुरुवारी कुणीतरी विचारणार होतं, झोप लागते का, भूक कशी आहे.

नियम मात्र कडक. रोजचं खाणं, रोजचं चालणं, काही म्हणता काही बदलायचं नाही. नाहीतर गुण अर्काचा की आणखी कशाचा, हे कळणार कसं? त्यानंच तिला हे समजावलं. आणि त्यानंच "बसस्टॉपपर्यंत येतो" म्हणून गप्पांच्या नादात तिची बस चुकवली. मग रोज संध्याकाळी तिचं ऑफिस सुटलं की तो स्टॉपवर हजर, आणि बस रोजच चुकू लागली. तळ्याला वळसा घालून दोघं तिच्या दारापर्यंत चालत जायचे.

"तुमच्या घरी कोण असतं हो?" तिनं एकदा विचारलं.

"माझ्या? ...बरण्या. पण त्या उलट बोलत नाहीत."

"मग माझ्याबरोबर कशाला येता?"

"उलट बोलणं ऐकून घ्यायला."

वजनाचा काटा भराभर उतरला. प्रयोगशाळेच्या मॅडम खूश. "बघा, अर्काला गुण आला!"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अगं बाई, अर्क कसला, हा तर तळ्याचा वळसा! तो बोलला तर तिचं नाव कटणार, गुरुवार संपणार. 'नका ना बोलू,' तिनं डोळ्यांनी विनवलं.

"मॅडम, यांचे आकडे धरू नका," तो म्हणाला. "मीच यांना रोज चालवतो."

तिचं नाव कटलं. त्याच्याकडे न बघताच ती निघाली, आणि त्या संध्याकाळी तिला बस मिळाली. घरी येऊन ती उभ्या उभ्याच चार घास जेवली, आणि मग ढसाढसा रडली. खोटं बोलला असता तर काय आभाळ कोसळणार होतं?

बेल वाजली. दारात तो, धापा टाकत.

"बस... पकडलीत तुम्ही. मी मागून धावत—"

"कशाला? मी आता तुमच्या चाचणीत नाही."

"म्हणूनच आलो. चाचणीतल्या माणसाला असं सांगता येत नाही." त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "मला तुम्ही आवडता. फार."

ती बघतच राहिली. मग रडता रडताच हसली आणि त्याच्या बाहीला धरून म्हणाली, "आत या आधी. शेजारी बघतायत."