कॅप्टन ऑल्डरसनची नऊ पानं

"आता पान एकशे बारासुद्धा नाहीये, अनघा! हे गायब झालेलं नववं पान!"

हातात कागदांचा गठ्ठा घेऊन प्रकाशराव स्वयंपाकघराच्या दारात उभे होते... नजर सुनेच्या चेहऱ्यावर रोखलेली. अनघाने गॅस बंद केला.

हे निवृत्त मरीन इंजिनिअर, घरातले बाबा, तीन वर्षं सिंगापूरमधल्या पुंगोलच्या फ्लॅटमध्ये बसून कॅप्टन ऑल्डरसनचं चरित्र लिहीत होते. एकोणिसाव्या शतकातल्या सिंगापूरच्या स्वयंसेवक तोफखान्यातला हा अधिकारी. आठवडाभर पेढीवर कारकुनी करायचा, शनिवारी तोफा ओढायचा... साध्या तोफचीचा कॅप्टन झाला आणि एकही लढाई न पाहता १८९१ साली तापाने गेला. बाबा हाताने लिहीत, अनघा टाइप करी. पण गेले दोन महिने बाबा तिच्यावर पाळत ठेवून होते. पानांवर आकडे घातले, ड्रॉवर कोणी उघडला तर कळावं म्हणून फटीत केस चिकटवला, ती खोलीत शिरली की मागोमाग येऊन उभे राहू लागले! ज्यांना वडील मानलं त्यांच्याच डोळ्यांत हा संशय... तिचं काळीज तुटत होतं.

"बाबा, तिला कशाला हवीत तुमची पानं?" मागून आलेला तन्मय म्हणाला खरा, पण त्याचीही नजर तिच्या ऑफिसच्या बॅगेकडे वळली. नवऱ्याचीसुद्धा!

"उघड ती बॅग," बाबा म्हणाले.

"नको, तन्मय... पाया पडते, नको!"

त्याने उघडली. नऊ पानं जमिनीवर पसरली.

"चोर!" बाबांचा आवाज चिरकला. त्यांनी एक पान उचललं आणि पुरावा वाचावा तसं मोठ्याने वाचू लागले. "'१८९६ साली कॅप्टन बॉयलर रूममधून वर आला. धक्क्यावर त्याची पत्नी सरोजिनी, निळं पातळ नेसून...'"

ते थांबले. पाच वर्षांपूर्वी गेलेल्या आपल्या बायकोचं नाव बघत राहिले. मग दुसरं पान. तिसरं.

"हे... मी लिहिलंय?"

"तुम्हाला कळू नये म्हणून काढून ठेवली, बाबा!" अनघाला हुंदका आवरेना. "मंगळवारी डोळे तपासायला म्हणून नोव्हेनाच्या हॉस्पिटलात नेणार होते ना... ते डॉक्टर डोळ्यांचे नाहीत, स्मरणशक्तीचे आहेत."

"अनघा, मी..." तन्मय खाली वाकून उरलेली पानं गोळा करू लागला.

बाबा खुर्चीत बसले.

"वेड्या पोरी, जहाजाच्या लॉगबुकात चूक झाली तर पान काढून टाकत नाहीत. एक रेघ मारायची, बाजूला सही करायची." त्यांनी पेन तिच्यापुढे धरलं. "तू मार. माझा हात नाही चालायचा."

तिने साल खोडलं, बॉयलर खोडला, बाजूला सही केली आणि नावापाशी थांबली.

"हे राहू दे, बाबा. टाइप नाही करणार, पण इथे राहू दे."

त्यांनी तिच्या सहीखाली आपली सही केली आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"मंगळवारी किती वाजता निघायचं?"