साबणबाई आणि पंपवाला

"तोंडातून काढ ते! आधी काढ!"

आता सांगा, प्रेमाची सुरुवात अशी होते का कधी? पण झाली!

ती गुलाबाच्या मळ्यावर नवीनच लागली होती. फवारणी करणाऱ्यांना औषधाची बाधा होऊ नये, हे बघायचं तिचं काम. आणि पहिल्याच दिवशी हा समोर! पाठीवर पंप, आणि तुंबलेला नोझल ओठांत धरून खुशाल फुंकर मारतोय!

"सगळे असंच करतात, मॅडम."

"म्हणजे सगळ्यांचीच डोकी तपासायला हवीत!"

तो हसला. आणि हसू इतकं गोड... की तिचं डोकं आणखीच फिरलं.

पुढे रोजचंच झालं. हातमोजे खिशात, मास्क हनुवटीवर.

"हनुवटीनं श्वास घेतोस का रे?"

"मास्क वर घेतला, की तुम्ही बोलायलाच येत नाही ना..."

असा माणूस! हात धुवा, साबण लावा, असं दिवसभर ओरडून तिचं नावच साबणबाई पडलेलं. घरी जाऊनही याच्याच नावानं खडे फोडायची. शेवटी आई म्हणाली, "अगं, जावयाला इतकी नावं ठेवू नयेत!"

"आई!"

पण खरं सांगू? तिला भीती होती. तिचे काकाही फवारणीचंच काम करायचे, असंच उघड्या हातांनी. आता चहाचा कपही त्यांना दोन्ही हातांनी धरावा लागतो.

आणि त्या दिवशी तर कहरच! नुकत्याच फवारलेल्या वाफ्यांतून, मनाईचा लाल झेंडा ओलांडून, हा आला. बाह्या वर, कोपरापर्यंत ओला, हातात गुलाब.

"तुमच्यासाठी..."

"टाक ते!"

त्याचा चेहराच पडला. "आवडत नसेन, तर सरळ सांगा ना..."

"आवडतोस रे गाढवा! म्हणून तर जीव जातोय माझा! शर्ट काढ, चल, नळाखाली!"

तो नळाखाली उभा, फेसानं पांढराफटक. ती चार हात लांबून साबणाची वडी फेकतेय, डोळ्यांत पाणी, तोंडाचा पट्टा चालूच — "कानामागे! नखांत! अजून!"

"लग्नानंतरही तू अशीच ओरडणार?"

"रोज!" ती खेकसली. आणि मग... आपण काय बोलून बसलो, ते तिला कळलं.